ॲड्रेनालिन आणि नॉरॲड्रेनालिन: एका मिथाइल गटाचा फरक

नावात केवळ ‘नॉर’चा फरक असल्याने ही दोन्ही औषधे एकच काम कमीअधिक जोराने करतात, असा समज वैद्यकाच्या नव्या विद्यार्थ्यांमध्येही आढळतो. रासायनिक फरक खरोखरच लहान आहे: ॲड्रेनालिनच्या नायट्रोजनवर एक मिथाइल गट (एक कार्बन आणि तीन हायड्रोजन अणू) असतो, नॉरॲड्रेनालिनच्या नसतो. पण तेवढ्याने औषध कोणत्या रिसेप्टरला, म्हणजे पेशीवरच्या संदेश घेणाऱ्या प्रथिनाला, किती घट्ट धरणार, हे बदलते.

असे रिसेप्टर अल्फा आणि बीटा या दोन प्रकारचे असावेत, हे अमेरिकी औषधशास्त्रज्ञ रेमंड आल्क्विस्ट यांनी 1948 साली मांडले. रक्तवाहिन्यांच्या भिंतीतील स्नायुपेशींवरचा अल्फा-1 उद्दीपित झाला की पेशीत कॅल्शियम वाढते, स्नायू आकुंचन पावतो आणि अरुंद झालेल्या वाहिनीतला रोध वाढून रक्तदाब चढतो. हृदयावरचा बीटा-1 ठोक्यांची गती आणि जोर वाढवतो. ही दोन कामे दोन्ही औषधे करतात. खरी फारकत होते ती बीटा-2 पाशी, कारण हा रिसेप्टर हातापायांच्या स्नायूंमधील रक्तवाहिन्या आणि श्वासनलिका सैल करतो. ॲड्रेनालिन त्याला जोमाने उद्दीपित करते, नॉरॲड्रेनालिन जवळजवळ नाहीच.

म्हणूनच कमी मात्रेतील ॲड्रेनालिनने वरचा रक्तदाब वाढतो, नाडी धावते, पण खालचा दाब उतरूही शकतो. मात्रा वाढवली की अल्फाचा प्रभाव वरचढ ठरतो. नॉरॲड्रेनालिनने वरचा आणि खालचा असे दोन्ही दाब वाढतात, आणि वाढलेल्या दाबाची खबर मेंदूला लागल्यावर नाडी उलट मंदावूही शकते.

जंतुसंसर्गामुळे सैल पडलेल्या वाहिन्यांसाठी, म्हणजे सेप्टिक शॉकमध्ये (दाब कोसळून अवयवांना रक्त अपुरे पडते तेव्हा), सरासरी रक्तदाब 65 मिमी पारा राखण्याकरिता पहिली पसंती नॉरॲड्रेनालिनला मिळते, ती याच कारणाने. ॲड्रेनालिन तिथे आणखी एक अडचण उभी करते: स्नायूंतील बीटा-2 मुळे रक्तातील लॅक्टेट (शॉक किती गंभीर आहे हे जोखण्यासाठी मोजला जाणारा पदार्थ) वाढते, आणि शॉक बळावतो आहे की हा औषधाचाच परिणाम आहे, हे ठरवणे अवघड होते.

तीव्र ॲलर्जीच्या झटक्यात मात्र हाच बीटा-2 जीव वाचवतो. तिथे दाब कोसळतो आणि श्वासनलिकाही आवळतात. त्यामुळे प्रौढाच्या मांडीच्या स्नायूत 0.5 मिलिग्रॅम ॲड्रेनालिन तत्काळ टोचावे लागते, आणि ते काम नॉरॲड्रेनालिन करू शकत नाही.