अकरा ते पाच: हुजूरपागेच्या शाळेमागचा वाद

पुण्यात लक्ष्मी रस्त्यावर, खरेदीच्या गर्दीत, हुजूरपागेचं फाटक आहे. पागा म्हणजे घोडे बांधायची जागा, आणि हुजूरपागा म्हणजे खुद्द पेशव्यांच्या घोड्यांची. त्या जागेवर मुलींची शाळा उभी राहिली आणि पागेचं नाव तिला कायमचं चिकटलं. कागदोपत्री नाव लांबलचक असलं तरी पुण्यात कुणी ते घेत नाही. ‘मी हुजूरपागेची’ एवढं सांगितलं की पुरतं.

शाळा सुरू झाली २९ सप्टेंबर १८८४ रोजी. तोपर्यंत पुण्याला मुलींच्या शाळा नव्या राहिल्या नव्हत्या. भिडेवाड्यातल्या जोतिराव आणि सावित्रीबाई फुल्यांच्या शाळेला ३६ वर्षं होऊन गेली होती. मुलींना शिकवायला बायका हव्यात म्हणून १८७० मध्ये सरकारी फीमेल ट्रेनिंग कॉलेजही निघालं होतं. पण हे सारं शिक्षण बहुतेक मुलींच्या बाबतीत लिहिणं-वाचणं, थोडा हिशेब, शिवणकाम इथपर्यंत येऊन थांबे. दहा-अकराव्या वर्षी लग्न झालं की पाटी सुटायची. त्यामुळे मुलींचं हायस्कूल काढायचं म्हणजे मुलगी ज्या वयात सासरी जायची, नेमक्या त्याच वयात तिला वर्गात बसवायचं. पुढचा सगळा वाद त्यातून उभा राहिला, असं मला वाटतं.

काळही तसाच होता. १८८२ मध्ये सरकारच्या शिक्षणविषयक हंटर कमिशनपुढे पंडिता रमाबाईंनी साक्ष दिली आणि शिक्षिका व स्त्री-डॉक्टर तयार करा अशी मागणी केली. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर, वामन आबाजी मोडक, शंकर पांडुरंग पंडित ही मंडळी एकत्र आली आणि महाराष्ट्र गर्ल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली. सर विल्यम वेडरबर्न यांनी आपल्या दिवंगत भावाच्या स्मरणार्थ १०,००० रुपये दिले. या शाळेमागे सरकारची सहानुभूती होती, पण ती उभी करण्याचा पुढाकार या मंडळींचा.

मुलींच्या हायस्कुलाची मागणी गव्हर्नर फर्ग्युसन यांच्यापुढे भर सभेत मांडली ती न्यायमूर्तींच्या पत्नी रमाबाई रानड्यांनी, इंग्रजीत निवेदन वाचून. त्या तेव्हा जेमतेम बावीस वर्षांच्या होत्या. सभेत कौतुक झालं, आणि घरी आल्यावर वडीलधाऱ्या बायकांची बोलणी खावी लागली. रमाबाईंनी हे आपल्या आठवणींत साधेपणानं लिहून ठेवलं आहे. मला हा प्रसंग फार मोलाचा वाटतो. त्या लढ्यातला सगळ्यांत अवघड भाग सभागृहात झालाच नाही, तो माजघरात झाला.

शाळा नीट सुरू होते न होते तोच टीका सुरू झाली. १८८७ मध्ये ‘मराठा’ या इंग्रजी साप्ताहिकातून टिळकांच्या गोटानं शाळेच्या अभ्यासक्रमावर तोफ डागली. इंग्रजी कशाला, मुलांसारखे विषय मुलींना कशाला, असे प्रश्न विचारले गेले. शाळेची वेळ अकरा ते पाच, यावरही मोठा आक्षेप होता. मुलगी दिवसभर शाळेत बसली तर घरकाम कधी शिकणार? तीन तासांची शाळा पुरे, असं सांगितलं गेलं. वरवर पाहता हा वेळापत्रकाचा क्षुल्लक तंटा वाटतो. पण तीन तास शिकणाऱ्या मुलीचं शिक्षण घरकामातून उरलेल्या वेळात बसवलेलं असतं, आणि सहा तास शिकणारी मुलगी विद्यार्थिनी असते. दोन्ही बाजूंना हे पक्कं कळत होतं.

त्याच वर्षी मार्चमध्ये मुंबईच्या न्यायालयानं रखमाबाईंना नवऱ्याकडे नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असा निकाल दिला होता. शिकलेली मुलगी नांदायला नकार देते ही भीती घरोघरी पोचली होती, आणि या टीकेला बळ तिथून मिळत होतं. उलट बाजूला आगरकर होते. स्त्री-पुरुषांना एकच शिक्षण द्यावं आणि तेही एकत्र द्यावं, इतकं थेट ते लिहीत होते. आणि याच पुण्यात कॉर्नेलिया सोराबजी डेक्कन कॉलेजात मुलांच्या बरोबरीनं शिकून मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या पदवीधर स्त्री झाल्या.

अभ्यासक्रमाचा प्रश्न मात्र मिटला नाही. १९१६ मध्ये धोंडो केशव कर्व्यांनी महिला विद्यापीठ काढलं तेव्हा मातृभाषेतून शिक्षण आणि गृहजीवनाला धरून वेगळे विषय ही वाट धरली. हुजूरपागेनं मॅट्रिकची, म्हणजे मुलांच्याच परीक्षेची वाट धरली होती. कर्व्यांचं काम डोंगराएवढं आहे, पण या एका बाबतीत मला हुजूरपागेचा हट्ट जास्त पटतो. परीक्षा एकच असली की मुलगी कुठं कमी पडते हे तोंडानं सांगत बसायची सोय राहत नाही.

या वाटेनं गेलेल्या मुलींत कर्करोगावर संशोधन करणाऱ्या कमल रणदिवे आहेत, कवयित्री शांता शेळके आहेत. शाळेला जोडून वसतिगृह होतं, आणि पुण्याबाहेरच्या मुलींसाठी तेच खरं दार होतं. ब्रह्मदेशात नोकरीला असलेल्या करमरकरांनी आपल्या सात वर्षांच्या मुलीला शिकायला इथं पाठवलं. तिचं नाव तिकडच्या नदीवरून ठेवलेलं, इरावती. इथं तिला शकुंतला परांजपे ही वर्गमैत्रीण मिळाली, आणि पुढं शकुंतलेच्या वडिलांचं, रँग्लर परांजप्यांचं, पुस्तकांनी भरलेलं घर इरावतीचंही घर झालं. मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे त्या याच.