पार्श्वभूमी : बचावपटूचं काम कसं बदलत गेलं

३० नोव्हेंबर १८७२ रोजी ग्लासगोमध्ये इंग्लंड आणि स्कॉटलंड फुटबॉलच्या पहिल्या आंतरराष्ट्रीय सामन्यासाठी उतरले, तेव्हा दोन्हीकडचे बहुतेक खेळाडू आघाडीवरच होते. मागे थांबायचं काम एखाद्‌दुसऱ्याच्या वाट्याला. तरीही सामना ०-० सुटला. चेंडू पायात घेऊन एकट्यानं घुसत राहायचं, ही तेव्हाची रीत होती. स्कॉटिश खेळाडू एकमेकांना पास देत पुढे सरकायला लागले आणि मागे मोकळी पडलेली जागा सांभाळायची गरज भासू लागली. १८८० च्या दशकात मागे दोन फुल-बॅक, मध्ये तीन हाफ-बॅक आणि पुढे पाच फॉरवर्ड ही रचना रुळली. त्यापुढची चाळीस वर्षं बचावपटू म्हणजे मुख्यतः ते दोन फुल-बॅक.

१८८५ मध्ये इंग्लंडमध्ये पैसे घेऊन खेळायला अधिकृत परवानगी मिळाली आणि १८८८ मध्ये १२ क्लबांची लीग सुरू झाली. खेळावर घर चालवणं आता शक्य होतं, पण मर्यादेत. १९०१ पासून आठवड्याला ४ पौंडांची कमाल मर्यादा आली, आणि करार संपला तरी क्लब खेळाडूची नोंदणी स्वतःकडे अडवून ठेवू शकत असे. ही वेतनमर्यादा १९६१ पर्यंत टिकली. उठली तेव्हा ती २० पौंड होती. नोंदणीची बेडी १९६३ च्या जॉर्ज ईस्टहॅम खटल्यानं सैल केली. करार संपल्यावर मोकळेपणानं दुसऱ्या क्लबात जायचा हक्क युरोपात १९९५ च्या बॉसमन निकालानं मिळाला. हे सगळ्याच खेळाडूंचं झालं.

बचावपटूची गोष्ट मात्र वेगळी आहे. आघाडीच्या खेळाला वळण दिलं ते बऱ्याच अंशी मोठ्या खेळाडूंनी; बचावाचं काम वेळोवेळी नियमांनी बदलून टाकलं, आणि दर वेळी त्या माणसाला चालू कारकिर्दीत नव्यानं शिकावं लागलं. याचं सर्वांत ठसठशीत उदाहरण ऑफसाइडचं आहे.

१९२५ पर्यंतचा नियम असा : पास सुटतेवेळी पुढे असलेल्या खेळाडूसमोर प्रतिस्पर्धी संघाचे किमान तीन जण हवेत, नाहीतर तो ऑफसाइड, म्हणजे त्याला तो पास घेता येत नसे. म्हणजे गोलकीपर आणि दोन्ही फुल-बॅक. न्यूकॅसलचा बिल मॅक्रॅकन हा बेलफास्टचा फुल-बॅक. त्यानं या नियमातली फट नेमकी हेरली. पास सुटायच्या क्षणी तो चार पावलं पुढे यायचा. समोरच्या फॉरवर्डच्या पुढे आता दोघंच उरले, झाला तो ऑफसाइड. यातली खरी गंमत जोडीदारात होती. मॅक्रॅकनचा अंदाज चुकला तरी दुसरा फुल-बॅक मागे उभाच असायचा, त्यामुळे डाव फसला तरी घर उघडं पडत नसे. हळूहळू सगळेच हे करू लागले आणि खेळ मैदानाच्या मधल्या अरुंद पट्ट्यात कोंडला गेला.

१९२५ मध्ये तीनचे दोन केले. मॅक्रॅकन तोवर न्यूकॅसल सोडून गेला होता. नव्या नियमाला सामोरं जावं लागलं ते त्याच्या मागून आलेल्यांना. आता पुढे यायचं तर दोघांनी मिळून यायचं, आणि चुकलं तर मागे फक्त गोलकीपर. इंग्लिश लीगच्या चार विभागांत मिळून आदल्या हंगामात ४,७०० गोल झाले होते. नियम बदलल्यावरच्या पहिल्याच हंगामात ६,३७३ झाले.

त्याच हंगामात, ३ ऑक्टोबर १९२५ ला, आर्सेनलनं न्यूकॅसलकडून ०-७ असा मार खाल्ला. व्यवस्थापक हर्बर्ट चॅपमन आणि कर्णधार चार्ली बकन यांनी त्यानंतर सेंटर-हाफला, म्हणजे तीन हाफ-बॅकपैकी मधल्याला, तिथून काढून दोन फुल-बॅकच्या मध्ये उभं केलं. तोपर्यंत सेंटर-हाफ म्हणजे संघाचा कणा, मैदानभर फिरणारा, खेळ रचणारा. आता त्यानं समोरच्या सेंटर-फॉरवर्डला सोडायचं नाही, एवढंच. हे काम हर्बी रॉबर्ट्सनं जितक्या निष्ठेनं केलं तितकं क्वचितच कुणी केलं असेल. लोक त्याला 'पोलीसमन' म्हणत. उंच, शांत, हेडरमध्ये, म्हणजे डोक्यानं चेंडू मारण्यात, पक्का. चेंडू मिळाला की जवळच्या सहकाऱ्याकडे देऊन मोकळा. त्याच्यासह आर्सेनलनं १९३१, १९३३, १९३४ आणि १९३५ ची लीग जिंकली. इंग्लंडकडून मात्र तो एकच सामना खेळला. पुढे जगभर नक्कल झालेली एक अख्खी जागा ज्यानं उभी केली, त्याच्या खात्यात देशासाठी एक सामना, याची मला आजही हळहळ वाटते.

एकाला एक चिकटून राहायच्या या पद्धतीची परीक्षा २५ नोव्हेंबर १९५३ ला वेम्ब्लीवर झाली. हंगेरीचा सेंटर-फॉरवर्ड हिडेगकुटी पुढे न थांबता मागे येऊन खेळत होता. इंग्लंडचा सेंटर-हाफ हॅरी जॉन्स्टन पेचात पडला. त्याच्यामागे जावं तर मध्ये खिंडार, जागेवर थांबावं तर तो मोकळा. हिडेगकुटीनं तीन गोल केले, हंगेरी ६-३ नं जिंकली. १९५८ च्या विश्वचषकात ब्राझील चार जणांची फळी घेऊन उतरला. तिच्या डाव्या टोकाचा निल्टन सांतोस ऑस्ट्रियाविरुद्ध पुढे धावत गेला आणि गोल करून आला. फुल-बॅकनं पुढे जायचं असतं हे आज शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. त्याची वाट अशा धावांनी पाडली.

इटलीत वेगळाच विचार चालला होता. फळीच्या मागे आणखी एक मोकळा माणूस ठेवायचा, लिबेरो. हेलेनिओ हेरेराच्या इंटर मिलाननं १९६४ आणि १९६५ मध्ये याच रचनेवर युरोपियन कप, म्हणजे युरोपातल्या क्लबांचा सर्वोच्च चषक, जिंकला. त्याला नुसता भिंतबंद खेळ म्हणून मोडीत काढणं मला पटत नाही, कारण त्याच संघाचा डावा फुल-बॅक फाकेत्ती लीगमध्ये इंटरसाठी ५९ गोल करून गेला. जर्मनीच्या बेकेनबाउअरनं तर लिबेरोची व्याख्याच उलटी केली. मागून चेंडू घेऊन निघायचं आणि पुढचा खेळ आपणच मांडायचा. १९७२ आणि १९७६ चा बॅलन डी'ऑर, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार, त्याला मिळाला. पुरुषांमध्ये त्यानंतर हा मान फक्त दोन बचावपटूंना लाभला : १९९६ मध्ये झामर, २००६ मध्ये कानावारो. महिलांमध्ये लुसी ब्राँझ २०२० मध्ये फिफाची सर्वोत्तम खेळाडू ठरली. हा मान मिळवणारी ती पहिली बचावपटू.

इटलीच्या फ्रँको बारेसीपाशी थोडं थांबायला हवं. पोरगा किरकोळ म्हणून इंटरनं नाकारलं, शेजारच्या एसी मिलाननं घेतलं, आणि तो तिथेच १९९७ पर्यंत खेळला. अरिगो साकी प्रशिक्षक झाल्यावर तासोती, कोस्ताकुर्ता, बारेसी आणि माल्दिनी हे चौघं एका दोरीला बांधल्यासारखे पुढेमागे सरकत. माणसामागे धावण्यापेक्षा जागा राखायची. १९८९ आणि १९९० चा युरोपियन कप त्यांनी जिंकला. १९९४ च्या विश्वचषकात दुसऱ्याच सामन्यात, नॉर्वेविरुद्ध, बारेसीच्या गुडघ्याची गादी फाटली. शस्त्रक्रिया झाली. २४ दिवसांनी तो अंतिम सामन्यात उतरला, वयाच्या ३४ व्या वर्षी, ब्राझीलच्या रोमारियो आणि बेबेतोसमोर. १२० मिनिटं ब्राझीलला एकही गोल करता आला नाही. मग पेनल्टीचा पहिला फटका त्यानंच घेतला आणि चेंडू बारवरून गेला. त्याचा सहकारी बाजिओची हुकलेली शेवटची पेनल्टी सगळ्यांच्या लक्षात आहे. त्याआधीच्या दोन तासांत बारेसीनं काय केलं, ते पाहायला तो सामना पुन्हा लावावा.

त्या सामन्याच्या दोनच वर्षं आधी आणखी एक नियम आला होता. १९९० च्या विश्वचषकात सामन्यामागे सरासरी २.२१ गोल झाले, इतके कमी कधीच नव्हते. अडचणीत आलं की बचावपटू चेंडू कीपरकडे सारायचा, कीपर तो हातात उचलायचा, आणि वेळ जायचा. १९९२ पासून पायानं मुद्दाम दिलेला पास कीपरला हातात घेता येईना. सुटकेचं दार बंद झालं. दबावाखाली चेंडू ताब्यात ठेवून अचूक पास देणं हे बचावपटूचं रोजचं काम झालं. या कौशल्याचा भाव पुढे बाजारातही दिसला : लिव्हरपूलनं जानेवारी २०१८ मध्ये व्हॅन डाइकसाठी ७.५ कोटी पौंड मोजले, पुढच्याच वर्षी मँचेस्टर युनायटेडनं मॅग्वायरसाठी ८ कोटी.

आता नियम हेडरपर्यंत पोहोचले आहेत. ग्लासगो विद्यापीठाच्या संशोधकांनी स्कॉटलंडच्या सुमारे ७,७०० माजी व्यावसायिक खेळाडूंच्या नोंदी तपासल्या. २०१९ मध्ये त्यांनी दाखवून दिलं की मेंदूच्या ऱ्हासाच्या आजारानं मृत्यू येण्याचं प्रमाण या खेळाडूंत इतरांच्या साडेतीन पट आहे. २०२१ मध्ये त्यांनी जागेनुसार हिशेब मांडला. गोलकीपरमध्ये हा धोका फारसा वाढलेला नव्हता. बचावपटूंमध्ये तो सुमारे पाचपट निघाला. लांबून येणारा प्रत्येक उंच चेंडू डोक्यानं परतवायचा, तोही सामन्यात आणि सरावात, वर्षानुवर्षं. १९६६ च्या विश्वविजेत्या इंग्लंड संघातला सेंटर-हाफ जॅक चार्ल्टन स्मृतिभ्रंशानं ग्रासलेला असताना २०२० मध्ये गेला.

२०२१ पासून इंग्लंडमध्ये सरावात आठवड्याला जोरकस हेडर दहाच, अशी सूचना आहे. २०२४-२५ पासून तिथे लहान वयोगटांच्या सामन्यांतून मुद्दाम मारलेले हेडर टप्प्याटप्प्यानं बंद होत आहेत. आज तिथे सात-आठ वर्षांची जी मुलं मागच्या फळीत उभी राहतात, ती चेंडू पायानं खेळायला आधी शिकतील. रॉबर्ट्सचं ते पक्कं हेडर त्यांच्या वाट्याला बरंच नंतर येईल.