मोबाइल परतमागवणी (बॅटरीच्या आगीमुळे)

बॅटरी अतितप्त होण्याच्या किंवा पेट घेण्याच्या दोषामुळे विकले गेलेले मोबाइल संच निर्मात्याने ग्राहकांकडून परत घेण्याची व त्याबदली दुसरा संच, नवी बॅटरी किंवा पैसे देण्याची पद्धत. बाजारात ‘रिकॉल’ हाच शब्द चालतो. प्रस्तुत नोंदीत सॅमसंगच्या गॅलॅक्सी नोट ७ या संचाची २०१६ मधील परतमागवणी मध्यवर्ती धरली आहे, कारण तिची तांत्रिक चौकशी विशेष तपशिलाने प्रसिद्ध झाली. निर्मात्याच्या लौकिकावर तिचा झालेला परिणाम आणि खानदेशातील (जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्हे) मोबाइल व्यवहाराशी या विषयाचा असलेला संबंधही येथे दिला आहे.

पूर्वेतिहास : लिथियम-आयन बॅटरीची मोठी परतमागवणी म्हणून सामान्यतः लॅपटॉपचे उदाहरण दिले जाते. ऑगस्ट २००६ मध्ये डेलने सोनीचे सेल (बॅटरीत वीज साठवणारे घटक) असलेल्या सुमारे ४१ लाख बॅटऱ्या परत मागवल्या. मोबाइलपुरता विचार केल्यास नोकियाच्या बीएल-५सी बॅटरीपासून (ऑगस्ट २००७) आरंभ मानणे अधिक सयुक्तिक ठरते. डिसेंबर २००५ ते नोव्हेंबर २००६ या काळात मात्सुशिता कंपनीने बनवलेल्या सुमारे ४ कोटी ६० लाख बॅटऱ्या या सूचनेच्या कक्षेत आल्या. चार्ज होताना तापल्याच्या तक्रारी जगभरात मिळून सुमारे १०० होत्या. काटेकोर अर्थाने ती सक्तीची परतमागवणी नव्हती; सूचना देऊन मोफत बदली बॅटरी देण्यात आली. मागचे झाकण उघडून बॅटरीवरील २६ अक्षर-अंकांचा क्रमांक ग्राहकाला स्वतः वाचता येत असे, आणि संशयित बॅटरी जागीच काढून ठेवता येत असे. नोट ७ मध्ये ही सोयच नव्हती. बॅटरी आत चिकटवलेली असल्याने अख्खा संच परत घेणे भाग पडले. बीएल-५सी आकाराची बॅटरी शेतात, मळ्यात वापरल्या जाणाऱ्या लहान एफएम रेडिओत व स्पीकरमध्ये पुढेही टिकून राहिली. त्यात बसवली जाणारी बॅटरी बहुधा मूळ कंपनीची नसते.

नोट ७ : घटनाक्रम : संच १९ ऑगस्ट २०१६ रोजी दक्षिण कोरिया, अमेरिका इत्यादी देशांत विक्रीस आला. २ सप्टेंबरला कंपनीने सुमारे २५ लाख संच बदलून देण्याचे जाहीर केले. तोवर ३५ घटना नोंदल्या गेल्या होत्या. अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाची अधिकृत परतमागवणी १५ सप्टेंबरची असून तीत सुमारे १० लाख संच होते. बदली संचाची बॅटरी दुसऱ्या पुरवठादाराची होती, आणि ती सुरक्षित असल्याची खूण म्हणून पडद्यावरील बॅटरीचे चिन्ह हिरवे केले होते. ५ ऑक्टोबरला अमेरिकेत लुइव्हिल विमानतळावर उभ्या असलेल्या विमानात अशाच एका बदली संचातून धूर निघाला व प्रवाशांना उतरवावे लागले. ११ ऑक्टोबरला उत्पादन कायमचे बंद झाले. १३ ऑक्टोबरच्या विस्तारित परतमागवणीत अमेरिकेतील संचांची संख्या १९ लाखांवर गेली.

कारणमीमांसा : सेलमध्ये धन बाजूची ॲल्युमिनियमची आणि ऋण बाजूची तांब्याची पट्टी, मध्ये काही मायक्रॉन जाडीचा सच्छिद्र प्लॅस्टिकचा पडदा, असे थर गुंडाळून मऊ पाकिटात भरलेले असतात. पडदा फाटला किंवा दबून पातळ झाला की दोन्ही पट्ट्या भिडतात आणि त्या ठिकाणी उष्णता साठते. सुमारे ९०–१२०° सें. दरम्यान ऋण पट्टीवरील संरक्षक थर विघटित होऊ लागतो. १३०° सें.च्या आसपास पॉलिएथिलीनचा पडदा वितळतो, आणि पुढे धन बाजूच्या ऑक्साइडमधून ऑक्सिजन सुटतो. यानंतर चार्जर काढला तरी सेल थंड होत नाही, कारण इंधन व ऑक्सिजन दोन्ही आतच असतात. नोट ७ ची बॅटरी ३,५०० मिलिअँपिअर-तासांची, ३.८५ व्होल्टची, म्हणजे साधारण १३.५ वॉट-तासांची होती आणि ती ४.४ व्होल्टपर्यंत चार्ज होत असे.

कंपनीने २३ जानेवारी २०१७ रोजी निष्कर्ष जाहीर केले. सुमारे २ लाख संच व ३० हजार सुट्या बॅटऱ्या तपासल्या गेल्या. यूएल, एक्स्पोनंट व ट्युव्ह ऱ्हाइनलँड या बाहेरील संस्थांनीही स्वतंत्र पाहणी केली. पहिल्या पुरवठादाराच्या (वृत्तांतांनुसार सॅमसंग एसडीआय) सेलचे पाकीट वरच्या उजव्या कोपऱ्यात अपुरे असल्याने ऋण पट्टीची टोके वाकून दबली होती. दुसऱ्याच्या (ॲम्पेरेक्स) सेलमध्ये धन बाजूच्या जोडपट्टीवर वेल्डिंगचे टोकदार काटे राहिले होते आणि ते रोधक टेप व पडदा भेदून पलीकडे पोचत. काही सेलमध्ये ती टेपच नव्हती. एकाच संचाला दोन वेगळ्या दोषांनी लागोपाठ गाठले, असा याचा अर्थ होतो.

याआधी, डिसेंबर २०१६ मध्ये, इन्स्ट्रुमेंटल या अमेरिकन कंपनीच्या अभियंत्यांनी संच उघडून वेगळे मत मांडले होते. वापराबरोबर सेल जाडीत फुगतो, म्हणून सुमारे १० टक्के मोकळी जागा सोडण्याचा संकेत आहे, ५.२ मिलिमीटर जाडीच्या या बॅटरीवर सुमारे अर्धा मिलिमीटर जागा हवी होती, ती त्यांना आढळली नाही. ही दोन मते परस्परविरोधी मानण्याचे कारण नाही. कोपऱ्यातील वाकलेली पट्टी आणि वेल्डिंगचे काटे यांना प्रत्यक्ष नमुन्यांचा आधार असल्याने ठिणगीचे कारण म्हणून कंपनीचा निष्कर्ष ग्राह्य धरावा लागतो. मात्र लहान दोष घातक ठरू नये एवढी सवड आराखड्यात नव्हती, हे दुसरे म्हणणे त्याने खोडले जात नाही. बॅटरीचे परिमाण ठरवण्याची जबाबदारी आपली होती, हे निर्मात्यानेही मान्य केले.

लौकिकावरील परिणाम : २०१६ च्या तिसऱ्या तिमाहीत कंपनीच्या मोबाइल विभागाचा नफा आदल्या वर्षीच्या सुमारे २.४ लाख कोटी वॉनवरून १० हजार कोटी वॉनवर आला. लौकिकाचे माप इतके सरळ नाही. अमेरिकेतील हॅरिस पोलच्या प्रतिष्ठा-क्रमवारीत कंपनी २०१७ मध्ये ७ व्या स्थानावरून ४९ व्या स्थानी घसरली. त्याच वर्षी इंटरब्रँडच्या जागतिक ब्रँड-यादीत मात्र ती ७ वरून ६ वर चढली. पहिली क्रमवारी सामान्य लोकांचे मत विचारते, तर दुसरी ब्रँडच्या आर्थिक मूल्याचा अंदाज बांधते, आणि त्या वर्षीचा विक्रमी नफा मुख्यतः मेमरी चिपांचा होता. म्हणून २०१७ चा नफा हा गमावलेला विश्वास परत आल्याचा पुरावा म्हणून देणे योग्य नाही. पहिल्या आगींपेक्षा बदली संचाच्या आगीने अधिक नुकसान केले, हे मत अधिक पटणारे आहे. कारण नक्की होण्याआधी ‘हा सुरक्षित आहे’ असे सांगून दिलेली वस्तूच पेटली. यानंतर आठ टप्प्यांची बॅटरी-तपासणी (क्ष-किरण, पाकीट सुटे करून पाहणी, चार्ज-डिस्चार्ज इत्यादी) जाहीर झाली, आणि जुलै २०१७ मध्ये उरलेले संच ३,२०० मिलिअँपिअर-तासांची लहान बॅटरी घालून दक्षिण कोरियात पुन्हा विकले गेले.

भारत व खानदेश : नोट ७ भारतात ५९,९०० रुपयांना २ सप्टेंबर २०१६ पासून मिळणार होता, परतमागवणी नेमकी त्याच दिवशी जाहीर झाल्याने तो येथे विकलाच गेला नाही. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने ९ सप्टेंबरला विमानात त्याच्या वापरावर निर्बंध घातले. जळगावहून उडान योजनेतील विमानसेवा डिसेंबर २०१७ मधली, त्यामुळे हा विषय खानदेशात मुख्यतः बातम्यांतूनच पोचला. २०१७ च्या अखेरीस सॅमसंगने भारतातील पहिले स्थान शाओमीला गमावले. ते स्वस्त व मध्यम किमतीच्या संचांच्या स्पर्धेत, आगीशी त्याचा संबंध जोडण्यास आधार दिसत नाही.

येथील खरी जोखीम उष्णतेची व नकली बॅटरीची आहे. साध्या लिथियम-आयन सेलचे चार्जिंग ०–४५° सें. या मर्यादेत करायचे असते. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा सावलीतच ४५° सें.च्या घरात जातो. पत्र्याच्या पंपघरात तो याहून वर असतो. शेतीच्या वीजपुरवठ्याची पाळी रात्रीची असेल तर मोबाइल तिथेच खाटेवर, उशीखाली चार्जिंगला लागतो. मूळ बॅटरीतील थर्मिस्टर (तापमानानुसार रोध बदलणारा भाग) तापमान कळवतो आणि संच चार्जिंग थांबवतो. नकली बॅटरीत बऱ्याचदा थर्मिस्टरच्या जागी ठरावीक रोध लावलेला असतो; मग बॅटरी कितीही तापली तरी संचाला ती थंडच दिसते. बॅटरीवर आयएस १६०४६ हा मानक क्रमांक व ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक पाहावा. छापलेला क्रमांक भारतीय मानक ब्यूरोच्या ॲपवर पडताळता येतो.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २० नुसार केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण धोकादायक माल परत मागवण्याचा आदेश देऊ शकते. वैयक्तिक भरपाईसाठी ग्राहक राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. त्याआधी १९१५ या क्रमांकाच्या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करावी. तक्रारी लटकतात त्या बहुधा कच्च्या बिलामुळे. पक्क्या बिलावर १५ अंकी आयएमईआय क्रमांक लिहून घ्यावा (संचावर *#०६# डायल केल्यास तो दिसतो). जळालेला संच, चार्जर व केबल एकत्र जपून ठेवावी, कारण आयोग नमुना सीलबंद करून प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. दुकानदाराला संच ‘जमा’ केला की पुरावा हातचा जातो.

हाताळणी : मागचे झाकण उचलले जाणे, पडदा कडेने सुटणे, गोडसर रासायनिक वास येणे ही बॅटरी फुगल्याची चिन्हे होत. फुगलेली बॅटरी दाबून बसवू नये, टोचून ‘हवा काढू’ नये. आतला वायू ज्वलनशील असतो. दुरुस्तीपूर्वी चार्ज २५ टक्क्यांखाली आणावा. डिंक मऊ करून प्लॅस्टिकच्या कार्डानेच बॅटरी सोडवावी. धातूच्या पट्टीने पाकीट फाटते. पेटल्यास आधी वीज बंद करून भरपूर पाणी ओतावे. वाळूने ज्वाळा झाकल्या जातात, पण उष्णता आत कोंडते व सेल पुन्हा पेटू शकतो. न पेटलेली फुगीर बॅटरी मात्र कोरड्या वाळूत, घराबाहेर ठेवणे योग्य. दोषी बॅटऱ्या विमानाने पाठवण्यास मनाई आहे. नोट ७ परत घेताना सिरॅमिक तंतूंचे अस्तर असलेली खोकी व हातमोजे देऊन संच रस्त्याने नेले गेले. जुनी बॅटरी घंटागाडीत टाकल्यास कचरा दाबताना ती चिरडून पेट घेते. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ नुसार ती परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकाची आहे, म्हणून ती अधिकृत सेवा केंद्रात किंवा ई-कचरा संकलकाकडे, टोकांवर चिकटपट्टी लावून द्यावी.