लॅटिनचा विर आणि लॅटिनचाच वीरुस, दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही

व्हायरस या शब्दाचं मूळ शोधताना बऱ्याच जणांना विर हा लॅटिन शब्द सापडतो आणि मग दोघं एकाच घरातले वाटायला लागतात, तसं अजिबात नाहीये. विर म्हणजे पुरुष. व्हायरस आलाय तो वीरुसपासून, आणि वीरुस म्हणजे विष, सापाचं गरळ, चिकट घाण द्रव, कधी नुसता उग्र वास पण.

मजा म्हणजे आपल्याला हा फरक लक्षात ठेवायला वेगळं काही करावं लागत नाही, कारण दोघांचे सख्खे भाऊ आपल्याकडेच आहेत. विरचा भाऊ संस्कृतमधला वीर, आणि वीरुसचा भाऊ विष, ज्याला गावाकडं अजून इख म्हणतात. आता विषमधला ष लॅटिनमध्ये र कसा झाला? जुन्या लॅटिनमध्ये दोन स्वरांच्या मधे आलेल्या स चा र व्हायचा, म्हणून फूल या अर्थाचा फ्लोस पण 'फुलाचा' म्हणायचं तर फ्लोरिस. तेच इथं झालंय. आणि ऱ्हस्व दीर्घ तर बरोब्बर उलटं बघा, लॅटिनमध्ये विर ऱ्हस्व नि वीरुस दीर्घ, आपल्याकडे वीर दीर्घ नि विष ऱ्हस्व! मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा खूप भारी वाटलेलं.

विरपासून विर्तुस झाला म्हणजे मर्दानगी, शौर्य, पुढे सद्गुण, आणि तिथूनच फिरत फिरत आपला व्हर्च्युअल मीटिंगवाला व्हर्च्युअल आलाय. वीरुसला मात्र रोगाचं विष हा अर्थ चिकटला. देवीची लस शोधणाऱ्या इंग्लिश डॉक्टर जेन्नरने 1798 मध्ये गाईंना होणाऱ्या देवीच्या रोगाबद्दल लिहिताना तो असाच वापरलाय, तेव्हा जंतूंमुळे रोग होतात हे अजून सिद्ध झालेलं नव्हतं. मग 1898 मध्ये बायेरिंक या डच शास्त्रज्ञाने तंबाखूच्या पानांवरच्या रोगासाठी तो घेतला, बॅक्टेरिया अडवणाऱ्या गाळणीतूनही जे पार होतं त्याच्यासाठी, आणि आजचा अर्थ तिथून सुरू झाला. मराठीत आपण विषाणू म्हणतो त्यात तेच मूळ परत येऊन बसलंय.

अजून एक, काही लोक व्हायरसचं अनेकवचन विरी असं करतात, प्लीज नको. वीरुस हा पाणी, दूध असल्यासारखा न मोजायचा शब्द होता, जुन्या लॅटिनमध्ये त्याचं अनेकवचन सापडतच नाही. विरी हे विरचं अनेकवचन आहे, म्हणजे तुम्ही लिहिताय 'पुरुष लोक'.