अमेरिकेचे राष्ट्राध्यक्षपद

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचा राष्ट्रप्रमुख, शासनप्रमुख आणि सैन्याचा सरसेनापती या तिन्ही भूमिका एकाच व्यक्तीकडे सोपवणारे पद. १७८७ साली फिलाडेल्फियात तयार झालेल्या राज्यघटनेच्या दुसऱ्या अनुच्छेदाने ते निर्माण केले. ३० एप्रिल १७८९ रोजी न्यूयॉर्कमध्ये जॉर्ज वॉशिंग्टन यांनी पहिली शपथ घेतली. राजाची सत्ता झुगारलेल्या लोकांनी हे पद घडवले, त्यामुळे त्याच्या बहुतेक मोठ्या अधिकारांना वेसण घालण्याचा हक्क काँग्रेस (अमेरिकेची संसद) किंवा न्यायालयाकडे आहे. तो हक्क कितपत बजावला जातो, यावरच या पदाची खरी मर्यादा ठरत आली आहे.

उमेदवार जन्माने अमेरिकी नागरिक, किमान ३५ वर्षांचा आणि १४ वर्षे देशात वास्तव्य केलेला असावा लागतो. मुदत चार वर्षांची. नोव्हेंबरमध्ये मतदार प्रत्यक्षात निवडतात ते आपल्या राज्याचे निर्वाचक, म्हणजे राष्ट्राध्यक्षासाठी मत देणारे प्रतिनिधी. त्यांची एकूण संख्या ५३८. जिंकायला २७० लागतात. मेन आणि नेब्रास्का वगळता, राज्यात ज्याला सर्वाधिक मते त्याच्याच पदरात तिथले सगळे निर्वाचक पडतात. म्हणून देशभर जास्त मते मिळूनही उमेदवार हरू शकतो. २००० साली अल गोर यांना देशात सुमारे पाच लाख मते अधिक होती; फ्लोरिडात ते ५३७ मतांनी मागे राहिले, तिथली फेरमोजणी सर्वोच्च न्यायालयाने थांबवली आणि जॉर्ज बुश २७१ विरुद्ध २६६ असे निवडून आले. २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन यांच्याही वाट्याला हेच आले. मतदारांवर हा उघड अन्याय आहे. पण घटनादुरुस्तीला तीन चतुर्थांश राज्यांची संमती लागते आणि लहान राज्यांना या पद्धतीत झुकते माप मिळते, त्यामुळे ती टिकून आहे.

फ्रँकलिन रूझवेल्ट चार वेळा निवडून आल्यावर, १९५१ च्या बाविसाव्या घटनादुरुस्तीने दोनपेक्षा अधिक वेळा निवडून येण्याची वाट बंद केली.

राष्ट्राध्यक्ष मंत्री, राजदूत आणि न्यायाधीश नेमतो, पण सिनेटच्या (काँग्रेसच्या वरिष्ठ सभागृहाच्या) संमतीने. तह करतो, पण सिनेटचे दोन तृतीयांश मत हवे. पहिल्या महायुद्धानंतरचा व्हर्सायचा तह तिथेच अडला. विधेयकावर तो नकाराधिकार वापरू शकतो. तो मोडायला दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मते लागतात. संघीय गुन्ह्यांना माफी देण्याच्या अधिकारावर मात्र महाभियोगाचा (पदावरून दूर करण्यासाठीच्या खटल्याचा) अपवाद सोडला तर जवळजवळ अटकाव नाही.

मर्यादा प्रत्यक्षात कशी लागू होते, हे १९५२ च्या पोलाद खटल्यात दिसते. कोरियन युद्ध चालू होते, पोलाद कामगारांचा संप तोंडावर आला होता. ८ एप्रिलच्या रात्री राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रुमन यांनी कारखाने सरकारच्या ताब्यात घेण्याचा आदेश काढला. संप मिटवताना कारखाने ताब्यात घेण्याची मुभा द्यावी, ही सूचना काँग्रेसने १९४७ मध्येच फेटाळली होती. २ जूनला सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी आदेश रद्द केला. नऊही न्यायाधीश रूझवेल्ट किंवा ट्रुमन यांनी नेमलेले, आणि विरोधात गेलेल्यांत ट्रुमन यांचेच माजी ॲटर्नी जनरल टॉम क्लार्क. ट्रुमन यांनी कारखाने परत केले. न्यायमूर्ती रॉबर्ट जॅक्सन यांनी तेव्हा मांडलेली कसोटी आजही वापरली जाते: काँग्रेस पाठीशी असेल तर राष्ट्राध्यक्षाचे बळ सर्वाधिक, ती विरोधात असेल तर सर्वात कमी.

युद्धाच्या बाबतीत ही वेसण सैल पडली आहे. युद्ध पुकारण्याचा अधिकार काँग्रेसचा; तो तिने शेवटचा १९४२ मध्ये वापरला. कोरियात आणि व्हिएतनाममध्ये सैन्य औपचारिक घोषणेविनाच लढले. १९७३ चा युद्धाधिकार ठराव राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांचा नकाराधिकार मोडून संमत झाला. त्यानुसार ४८ तासांत काँग्रेसला कळवावे लागते आणि तिच्या मंजुरीविना साधारण ६० दिवसांपुढे लढता येत नाही. पण पुढच्या राष्ट्राध्यक्षांनी त्यातून वारंवार पळवाटा काढल्या.

भारताची राज्यघटना घडताना हे प्रारूप चर्चेत होते. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी मसुदा मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सांगितले की अमेरिकी पद्धतीत स्थैर्य जास्त पण उत्तरदायित्व कमी; मसुद्याने उत्तरदायित्वाला पसंती दिली आहे. मुदतीच्या मध्येच अविश्वास ठरावाने सरकार पाडण्याची सोय अमेरिकेत नाही.

तिथे उरतो तो महाभियोग. अँड्र्यू जॉन्सन (१८६८), बिल क्लिंटन (१९९८) आणि डोनाल्ड ट्रम्प (२०१९, २०२१) यांच्यावर प्रतिनिधिगृहाने (काँग्रेसच्या कनिष्ठ सभागृहाने) तो आणला, पण सिनेटमध्ये दोन तृतीयांश मते कधीच जमली नाहीत. जॉन्सन एका मताने वाचले. निक्सन यांनी महाभियोग येण्याआधीच, ऑगस्ट १९७४ मध्ये, राजीनामा दिला. पदावरून उतरल्यावर फौजदारी खटल्याची भीती उरते, पण सर्वोच्च न्यायालयाच्या १ जुलै २०२४ च्या निकालाने तीही बरीच कमी केली: घटनेने दिलेले मूळ अधिकार वापरताना केलेल्या कृतींना पूर्ण संरक्षण, आणि इतर अधिकृत कृतींनाही किमान गृहीत संरक्षण मिळाले.