क्रमांक एक, यंत्रे दोन: व्हॅक्सस्टेशन ३१०० आणि डेकस्टेशन ३१००

जानेवारी १९८९ मध्ये अमेरिकेतील डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनने, म्हणजेच ‘डेक’ने, दोन वर्कस्टेशन (म्हणजे तांत्रिक कामासाठीचे शक्तिशाली वैयक्तिक संगणक) बाजारात आणली आणि दोन्हींना ३१०० हाच क्रमांक दिला. बाहेरून ती इतकी सारखी दिसत की नावाची पट्टी वाचल्याखेरीज फरक कळू नये. आत मात्र प्रोसेसर कसा असावा याविषयीची दोन परस्परविरोधी मते होती.

व्हॅक्सस्टेशनमध्ये डेकचा स्वतःचा सीव्हॅक्स प्रोसेसर होता. १९७७ च्या व्हॅक्स-११/७८० पासून चालत आलेल्या या घराण्यात आज्ञांचा संच अवाढव्य होता; बहुपदीची किंमत काढणारी आज्ञासुद्धा त्यात होती. मेमरीतल्या दोन संख्यांची बेरीज करून उत्तर पुन्हा मेमरीत ठेवणे हे काम व्हॅक्सवर एका आज्ञेत होई. डेकस्टेशनमधला आर२००० हा मिप्स कंपनीचा रिस्क, म्हणजे मोजक्या साध्या आज्ञांवर चालणारा, प्रोसेसर होता आणि त्याला त्याच बेरजेसाठी दोन्ही संख्या रजिस्टरांत (प्रोसेसरमधल्या छोट्या साठवण-जागांत) आणणे, बेरीज करणे आणि उत्तर परत ठेवणे अशा चार आज्ञा लागत. शिवाय मेमरीतून मागवलेली संख्या लगेच पुढच्या आज्ञेला वापरता येत नसे, त्यामुळे मधल्या जागी दुसरे काही उपयोगी काम बसवण्याची, किंवा नाइलाजाने रिकामी आज्ञा घालण्याची, जबाबदारी प्रोग्रॅमचे यंत्राच्या आज्ञांत भाषांतर करणाऱ्या कंपायलरवर येई. एवढे करूनही आर२००० कित्येक पटींनी वेगवान ठरे, कारण त्याची प्रत्येक आज्ञा नेमकी ३२ बिटांची असल्याने एक पुरी होण्याआधीच पुढच्या आज्ञांवर काम सुरू करता येई, तर कमी-जास्त लांबीच्या व्हॅक्स-आज्ञेचा शेवट कुठे होतो हे आधी उलगडावे लागे.

मग जुन्या घराण्यातले व्हॅक्सस्टेशन कोणी का घ्यावे? व्हीएमएस ही डेकची कार्यप्रणाली आणि तिच्यावर वर्षानुवर्षे जमलेले प्रोग्रॅम व्हॅक्सस्टेशनवर जसेच्या तसे चालत. डेकस्टेशनवर डेक फक्त अल्ट्रिक्स हे आपले युनिक्स देई. मिप्सचे प्रोसेसर मेमरीत संख्येच्या बाइटांचा क्रम सुलट किंवा उलट अशा दोन्ही प्रकारे लावू शकत, त्यांपैकी डेकने व्हॅक्सशी जुळणारा क्रम निवडला. त्यामुळे डेटाची देवाणघेवाण सोपी झाली, पण प्रोग्रॅम नव्याने कंपाइल करावेच लागत.

स्वतःचा प्रोसेसर घडवणाऱ्या डेकने बाहेरचा का घेतला, यामागे घाई होती. सन या प्रतिस्पर्धी कंपनीची स्पार्क या रिस्क प्रोसेसरवर चालणारी वर्कस्टेशन १९८७ पासून विकली जात होती आणि डेकने आपला ‘प्रिझम’ हा रिस्क प्रकल्प १९८८ मध्ये गुंडाळला होता. त्याचे प्रमुख डेव्ह कटलर मायक्रोसॉफ्टमध्ये गेले आणि तेथे त्यांनी विंडोज एनटी घडवले. माझ्या मते एकच क्रमांक देणे ही डेकची चूकच होती, कारण जुन्या ग्राहकाला दोन्ही एकाच मालिकेतली लहान-मोठी मॉडेल वाटणे साहजिक होते. पुढे डेकने इंटेलवर चालणाऱ्या पीसींनाही डेकस्टेशन हेच नाव देऊन गोंधळात भर घातली. अंतर्गत सांकेतिक नावे त्यापेक्षा स्पष्ट होती: व्हॅक्सस्टेशनचे पीव्हॅक्स आणि डेकस्टेशनचे पीमॅक्स. नेटबीएसडी या युनिक्ससारख्या मुक्त कार्यप्रणालीची डेकस्टेशनसाठीची आवृत्ती आजही पीमॅक्स याच नावाने ओळखली जाते.