मानवी हक्क आयोगाकडे तक्रार कशी करायची : मुदत, कागदपत्रं आणि अर्जातला मजकूर

मागच्या पावसाळ्यात एक मावशी माझ्याकडे अर्ज लिहून घ्यायला आल्या. हातात किराणा दुकानाची कॅरीबॅग, तिच्यात दहा महिन्यांचे कागद. त्यांच्या मुलाला चौकशीला म्हणून नेलं आणि चौकीत बेदम मारलं होतं. आधीचा अर्ज सात पानी होता, वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यांच्या नावे. शेवटच्या पानावर "प्रत माहितीसाठी" म्हणून मंत्री, कलेक्टर आणि पाचव्या नंबरला मानवी हक्क आयोग. "आयोगाला पण पाठवलंय, पण काहीच उत्तर नाही," त्या म्हणाल्या.

उत्तर येणारच नव्हतं. दुसऱ्या कार्यालयाला लिहिलेल्या अर्जाची नुसती प्रत आयोग तक्रार म्हणून धरत नाही. राष्ट्रीय आयोगाच्या १९९४ च्या कार्यपद्धतीच्या नियमांत तसं लिहिलेलंच आहे. आणि घटनेला एक वर्ष उलटलं की मानवी हक्क संरक्षण कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे आयोगाला चौकशीच करता येत नाही. मावशींच्या हातात जेमतेम दोन महिने उरले होते. म्हणून सगळ्यात आधी हेच सांगतो: अर्ज थेट आयोगाच्या नावे करा, त्यावर सही करा आणि वर्षाच्या आत पोचवा.

आयोग म्हणजे कोण?

मानवी हक्क संरक्षण कायदा १९९३ चा. त्याच वर्षी १२ ऑक्टोबरला दिल्लीत राष्ट्रीय मानवी हक्क आयोग स्थापन झाला. महाराष्ट्राचा राज्य आयोग मुंबईत सीएसएमटीसमोर हजारीमल सोमाणी मार्गावर आहे, गोव्याचा पणजीला. जगात अनेक देशांत हे काम 'ओम्बुड्समन' करतो. आपल्याकडे त्या शब्दाला लोकपाल म्हणतात, आणि तिथेच लोकांची गल्लत होते. लाच मागितली, फाईल मुद्दाम अडवली, तर लोकायुक्ताकडे, म्हणजे राज्यातल्या लोकपालाकडे, जायचं. महाराष्ट्रात त्याचा कायदा १९७१ पासून आहे. कोठडीत मारहाण, बेकायदा डांबून ठेवणं, जीव जाईपर्यंत झालेला हलगर्जीपणा, माणूस म्हणून केलेली अप्रतिष्ठा, हा विषय मानवी हक्क आयोगाचा. कायद्याच्या भाषेत जीवित, स्वातंत्र्य, समता आणि प्रतिष्ठा.

तक्रार कोण करू शकतं आणि कुणाविरुद्ध?

ज्याच्यावर अन्याय झाला तो स्वतः, किंवा त्याच्या वतीने कोणीही. नातं सिद्ध करावं लागत नाही. शेजारी, शिक्षक, संघटनेचा कार्यकर्ता, कोणीही चालतो. मुलगा जेलमध्ये असेल तर आईने केलेली तक्रार पूर्ण वैध आहे.

तक्रार मात्र लोकसेवकाविरुद्ध हवी. त्याने हक्काचं उल्लंघन केलं, किंवा दुसरा कोणी करत असताना ते थांबवायचं त्याचं काम असून त्याने हयगय केली, ही दोन्ही कारणं चालतात. दुसरं कारण लोक विसरतात. गावगुंडांनी वस्तीवर हल्ला केला आणि वारंवार फोन करूनही पोलीस आले नाहीत, तर न आलेल्या पोलिसांविरुद्ध तक्रार होते.

भावकीतला बांधाचा वाद, घरमालक-भाडेकरूचं भांडण, बदली-बढतीची प्रकरणं, कामगार-मालक तंटे तिथे चालत नाहीत. कोर्टात चालू असलेलं प्रकरणही नाही. निनावी अर्ज बाजूला पडतो. सैन्यदल किंवा केंद्राच्या सशस्त्र दलांबद्दलची तक्रार असेल तर राष्ट्रीय आयोग केंद्र सरकारकडून अहवाल मागवून शिफारस करू शकतो, स्वतः चौकशी करत नाही.

दिल्ली की मुंबई?

राज्याचे पोलीस, जेल, सरकारी दवाखाना, आश्रमशाळा यांच्याबद्दल राज्य आयोगाकडे जाणं सोयीचं. फक्त केंद्राच्या अखत्यारीतल्या खात्याबद्दल दिल्लीलाच लिहा. एकच तक्रार दोन्हीकडे ठोकू नका. राज्य आयोगाने प्रकरण घेतलेलं असेल तर राष्ट्रीय आयोग त्यात हात घालत नाही, आणि दोन्हीकडून फाईल बंद होण्याची पाळी येते.

अर्जात काय लिहायचं?

ठरावीक छापील नमुना लागत नाही. फी नाही, स्टॅम्प नाही, वकील नाही. राष्ट्रीय आयोगाला टपालाने पाठवता येतं, एचआरसीनेट पोर्टलवर ऑनलाइन भरता येतं; गावातल्या सीएससी केंद्रातूनही भरून घेता येतं. चौकशीसाठी टोल-फ्री नंबर १४४३३. मराठीत लिहिलेलं चालतं.

मावशींची सात पानं आम्ही दीड पानावर आणली. आधी सुरुवात होती, "आमच्या गरीब कुटुंबावर अनेक वर्षांपासून अन्याय होत असून..." नवी सुरुवात अशी: "दिनांक अमुक रोजी रात्री साडेनऊच्या सुमारास दोन पोलीस कर्मचारी माझ्या मुलास घरातून घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी चारपर्यंत त्यास अटक दाखवली नाही." वाचणाऱ्याला पहिल्या चार ओळींत तारीख, वेळ, जागा, कोणी आणि काय केलं हे कळलं पाहिजे. अन्यायाची तीव्रता विशेषणांनी वाढत नाही, तारखांनी वाढते.

त्यानंतर पीडित व्यक्तीचं नाव, वय, पूर्ण पत्ता, जिल्हा, पिनकोड. तक्रारदाराचं नाव आणि मोबाइल. संबंधित अधिकाऱ्याचं नाव, नसेल माहीत तर पद आणि ठाणं. हे प्रकरण कोणत्याही कोर्टात किंवा दुसऱ्या आयोगाकडे प्रलंबित आहे का, ते खरं खरं लिहा. शेवटी मागणी: चौकशी, भरपाई, दोषींवर गुन्हा, ताबडतोब उपचार, जे हवं ते.

कोठडीतल्या मारहाणीचं प्रकरण असेल तर एक मागणी कधीच सोडू नका, सीसीटीव्हीची. सर्वोच्च न्यायालयाने परमवीर सिंग सैनी खटल्यात २ डिसेंबर २०२० रोजी प्रत्येक पोलीस ठाण्यात कॅमेरे लावायला सांगितलं, चित्रण १८ महिने, निदान एक वर्ष तरी जपायला सांगितलं, आणि तक्रार आल्यावर आयोगाला ते मागवता येईल असंही स्पष्ट केलं. म्हणून अर्जात तारीख-वेळ घालून लिहा की एवढ्या तासांचं फुटेज जपून ठेवावं व मागवावं.

कोणते कागद जोडायचे?

कागद नाहीत म्हणून तक्रार अडत नाही, पण असतील तर वजन येतं. दवाखान्याचा केसपेपर, जखमांचे फोटो, एफआयआरची प्रत, आधी दिलेल्या अर्जांच्या पोच, साक्षीदारांची नावं. सगळ्याच्या झेरॉक्स जोडा, मूळ कागद घरी ठेवा. अर्ज मात्र मूळ सहीचाच जाऊ द्या. अटकेतल्या माणसाला मॅजिस्ट्रेटसमोर उभं करतात तेव्हा त्याने तिथेच मार लागल्याचं सांगून वैद्यकीय तपासणी मागावी. तो कागद पुढे फार उपयोगी पडतो. जीवित वा स्वातंत्र्याशी निगडित माहिती माहितीच्या अधिकारात ४८ तासांत मिळायला हवी, अर्जावर तसं ठळक लिहा.

पुढे काय होतं?

तक्रारीला नंबर मिळतो. तो नंबर दरवाजाच्या मागे खडूने लिहून ठेवावा इतका महत्त्वाचा. आयोग संबंधित खात्याकडून अहवाल मागवतो. साक्षीदार बोलावणं, सरकारी कागद मागवणं याबाबत त्याला दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत. उल्लंघन सिद्ध झालं तर तो भरपाईची, कारवाईची किंवा खटल्याची शिफारस करतो, आणि शासनाने साधारण महिन्याभरात काय केलं ते कळवायचं असतं. शिफारस म्हणजे कोर्टाचा हुकूमनामा नव्हे, तरी ती टोपलीत टाकण्यासारखीही नाही. राज्य आयोगाच्या शिफारशी शासनावर बंधनकारक आहेत असं मद्रास उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०२१ मध्ये म्हटलं आहे.

खात्याचा अहवाल आला की आयोग त्यावर तक्रारदाराचं म्हणणं मागवू शकतो. बरीच प्रकरणं मरतात ती इथे. अहवालात बहुधा "तक्रारीत तथ्य आढळून आले नाही" असतं, माणूस ते वाचून खचतो आणि उत्तरच देत नाही. मावशींना तसंच पत्र आलं. अहवालात मुलगा पायरीवरून पडल्याचं लिहिलं होतं. आम्ही केसपेपर काढला. त्यात दोन्ही तळपायांवर वळ असल्याची नोंद होती. त्या एका ओळीखाली लाल रेघ मारून, दिलेल्या मुदतीच्या चार दिवस आधी उत्तर स्पीड पोस्टाने पाठवलं आणि पावती त्याच कॅरीबॅगेत ठेवली.